व्याह्याची धोंड

आपण जिच्यावर बसलो आहोत तिला व्याह्याची धोंड म्हणतात. पावसाळ्यात हिच्यावरून ओढा उडी घेतो. थंडी पडली, पाणी आटलं की नाळेतली, म्हणजे या अरुंद घळीतली, वाट मोकळी होते, पण हिच्यावरून उभ्याने कुणी उतरत नाही. मामलेदार असो की गुराखी, बूड टेकायचं आणि घसरत खाली जायचं. आणि खाली पोचलेल्याने आपल्या डोक्याचं वस्त्र वरच्याला बसायला धाडायचं, असा इथला रिवाज आहे. तो कसा पडला ते सांगतो. तुम्हाला दम खायचाच आहे, तर ऐकत खा.

फार जुनी गोष्ट. वर घाटमाथ्यावर करपेवाडीत बयाजी ढमाले म्हणून मोठे मानकरी होते. त्यांच्या मुलाचं लग्न खाली आमच्या शेलटीच्या ठकूशी ठरलं. ठरलं ते जत्रेत. तिथे शेलटीची मंडळी घोंगडीवर ऐसपैस बसली आणि बयाजींना बसा म्हणायचं सगळेच विसरले. मुद्दाम नव्हे हो, भूक लागली होती! पण बयाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी तिथेच देवाची शपथ घेतली, की शेलटीकर आपल्या हाताने आसन अंथरून बसा म्हणेपर्यंत मी बूड टेकणार नाही.

मार्गशीर्षात वऱ्हाड निघालं. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. बयाजींनी वाटेत भाकरीसुद्धा उभ्यानेच खाल्ली म्हणे. नाळ त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. धोंडेपाशी आल्यावर नवरदेव घसरला, भटजी डोळे मिटून घसरले, वाजंत्री ढोल पोटाशी धरून घसरले. बयाजी मात्र इथे वर उभे राहिले. उतरायचं तर बसायला हवं आणि बसायला आसन हवं.

खाली ठकूचा बाप सुकाजी स्वागताला उभा होता. तोही काही कमी नव्हता. धोंडेचा माथा करपेवाडीचा आणि पायथा आमचा, अशी शीव. सुकाजी खालून ओरडला, "पाव्हणं माज्या शिवंत आलं की गादी टाकतो! दुसऱ्याच्या शिवंत जाऊन घोंगडी हातरायला मी काय कुणाचा गडी हाय?"

"मग मी बी हितंच उभा ऱ्हातो!" बयाजी म्हणाले.

झालं. एक वर उभा, एक खाली उभा. मधल्या माणसांनी हातापाया पडून पाहिलं, पण दोघेही हटेनात. थंडीत नाळेतलं ऊन लवकर निघून जातं. ते धोंडेवरून सरकलं, मग समोरच्या कड्यावर चढलं. वाजंत्री वाजवायचं सोडून हात शेकत बसले. मुहूर्त टळला असता तर लग्न मोडलं असतं, आणि मोडलेल्या लग्नाची मुलगी पुन्हा कोण करून घेतो? दोघा म्हाताऱ्यांच्या मानापायी पोरीचा जन्म वाया जायची वेळ आली होती. मला तर सांगतानाही राग येतो.

बातमी शेलटीत पोचली. ठकूला हळद लागली होती. हळदीच्या नवरीने उंबरा ओलांडू नये म्हणतात. ती उठली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि आईला म्हणाली, "लगीन माजं हाय, त्या धोंडीचं न्हाई." तशीच नाळेत आली. बापाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. उतरताना न दिसणाऱ्या कपारी चढताना बरोबर सापडतात, हे तुम्हालाही परतताना कळेल. त्या कपारींतून ती वर आली, घोंगडी अंथरली, चारी कोपरे सारखे केले आणि म्हणाली, "मामंजी, बसा."

बयाजींचं समाधान झालं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि ऐटीत मांडी घातली.

मांडी पुरती जमायच्या आत घोंगडी सुटली! पायथ्याला वाटेच्या कडेला कधी न आटणारा डोह आहे, घोंगडी आणि वरचे मानकरी सरळ त्यात गेले. कमरेएवढं पाणी, तेही मार्गशीर्षातलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. सुकाजी दात काढून हसला, आणि मग त्याला आठवलं की आपण मुलीकडचे आहोत. आता हा माणूस वऱ्हाड माघारी नेणार, असंच जो तो समजला.

बयाजी उठले. त्यांनी वर पाहिलं. ठकू एकटीच राहिली होती. घोंगडी डोहात भिजलेली, म्हणून ती पदर खोचून उघड्या दगडावर बसू लागली होती.

"थांब पोरी!" बयाजी ओरडले. "ढमाल्याची सून उघड्या धोंड्यावर बसायची न्हाई." आणि त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. व्याह्यादेखत बोडकं होणं म्हणजे त्या काळी मेल्याहून मेलं. पण त्यांनी फेट्याचा गोळा करून वर फेकला. ठकूने तो झेलला, खाली घातला आणि सासऱ्याच्या मानावर बसून अलगद उतरली.

सुकाजीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे येऊन त्याने स्वतःचं मुंडासं व्याह्याच्या डोक्यावर ठेवलं. लग्न गोरजावरच लागलं, एवढंच की त्यात मुलीचा बाप बोडका होता आणि मुलाचा बाप कुडकुडत होता.

आजही शेलटीची मुलगी पहिल्या संक्रांतीला माहेरी येते तेव्हा सासरा आधी उतरतो आणि आपला फेटा वर टाकतो. तोवर ती इथे उभी राहते. खाली सगळं माहेर जमलेलं असतं आणि सगळे नुसते सासऱ्याचे हात बघतात. फेटा सोडायला त्याने किती वेळ लावला, त्यावरून आम्ही ठरवतो, तिची धाकटी बहीण त्या घरात द्यायची की नाही.