शेरभर नाचणी आणि ठमाईचा दोर

फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती ते मला विचारू नका, या डोंगरावर बैलगाडीची वाटही चढली नव्हती, तेव्हा वरच्या धनगरवाड्यात ठमाई नावाची म्हातारी राहायची. तोंडात दात चार, कमरेला अंबाडीचा मऊ दोर. बोलायची कमी. पण उधळलेल्या खोंडाच्या पाठीवर तिनं हात ठेवला की ते जागच्या जागी उभं राहायचं, असं म्हणतात.

खालच्या आळीत चिमणा राहायची. धनी गेलेला, पदरात तान्हं, अंगावरचं दूध आटलेलं. सगळी भिस्त बांडी गाईवर. आणि ही गाय कसली हट्टी! वासरू लुचल्याशिवाय सडाला हात लावू द्यायची नाही. त्या सकाळी बांडी व्याली. वासरू जिवंत होतं, डोळे टक्क उघडे, पण उठेना, लुचेना, आपली आई कोणती तेही त्याला कळेना.

चिमणाचा दीर सुभाना बांबूचा नळा घेऊन आला. वासराच्या मानेवर गुडघा रोवायचा, जबडा फाकवायचा आणि शेजारच्या गाईचं दूध घशात ओतायचं, ही तेव्हाची रीत. मागच्या साली त्यानं हेच केलं होतं. दूध छातीत उतरलं, वासरू गेलं आणि गाय आटली. अंगणात तान्हं भुकेनं रडत होतं. दिराला न विचारता चिमणानं ठमाईला बोलावणं धाडलं.

ठमाईनं वासराला हुंगलं म्हणे. मग म्हणाली, "हे जन्मलंय, पर त्याला अजून ठावं न्हाई. पुन्यांदा जन्माला घालाया लागंल."

जन्मताना आईच्या अंगाचा बसतो तसा दाब बसावा म्हणून तिनं वासराच्या छातीला दोराचे तीन वेढे दिले आणि टोक चिमणाच्या हाती दिलं. चिमणाच्या सासूला शेरभर नाचणी घेऊन जात्यावर बसवलं. नाचणी दळून होईस्तोवर दोर ढिला करायचा नाही, एवढंच सांगितलं.

चिमणानं दोर ताणला. वासरू थरथरलं, गुडघे मुडपले आणि त्यानं मानच टाकली. सासू घाबरून जात्यावरनं उठली. आळी गोळा झाली, म्हातारीनं घात केला म्हणू लागली. सुभाना दोर कापायला कोयता घेऊन धावला. चिमणाच्या हाताला कळ लागली होती. सोडावं, असं तिलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात ठमाईनं तिचा मोकळा हात धरून वासराच्या बरगड्यांवर ठेवला. आत ठोका लागत होता. हळू, सारखा, झोपलेल्या पोराचा असतो तसा.

"झोपलंय ते," चिमणा म्हणाली. "भावजी, कोयता ठेवा आणि जात्यावर बसा. अजून दाणे उरलेत."

वहिनीनं दिराला दळायला बसवायचं, हे त्या मुलखात कुणी ऐकलं नव्हतं. सुभानानं वासराकडं पाहिलं. मागच्या सालचं वासरू त्यालाही आठवलं असणार. तो बसला. मग वारा थांबला, रानातली गुरं चरता चरता खाली बसली, रडतं तान्हंही गप्प झालं, असं म्हणतात. साऱ्या डोंगरात फक्त जात्याची घरघर ऐकू येत होती.

घरघर थांबली. चिमणानं दोर सोडला. वासरू हललं नाही. एक श्वास गेला, दुसरा गेला. सुभानानं तोंड फिरवलं. आणि वासराचा कान हलला. ते धडपडत उठलं आणि थेट बांडीच्या कासेला जाऊन भिडलं. चिमणा तिथंच शेणात बसून ओक्साबोक्शी रडली.

बांडीला असा पान्हा फुटला की ओघळ पार ओढ्यापर्यंत गेला, असं म्हणतात. ओघळाचं मला काही खरं वाटत नाही. पण ते तान्हं जगलं, हे पक्कं. नाहीतर चिमणाचा वंश सांगणारा मी आज तुमच्यापुढं कुठून आलो असतो?

आता खाली गिरणी आली आहे. तरी आमच्या आळीत जातं कुणी मोडीत काढलेलं नाही. नवं वासरू उठेनासं झालं की ठमाईचं नाव घेऊन बायका दोर धरतात, आणि घरात सगळ्यात मोठ्या आवाजाचा जो पुरुष असेल, त्याच्यापुढं शेरभर नाचणी ठेवतात. तो मुकाट्यानं दळायला बसतो.