विसाव्यापुढची वाट

वेळूखिंड गावातून खाली उतरलात की पिंपरणीच्या झाडाखाली एक सपाट काळा दगड लागतो. पाहुणे त्यावर हमखास बसतात, पाय पसरतात, पाणी पितात, फोटो काढतात. गावातली म्हातारी माणसं तोवर चकार शब्द काढत नाहीत. पाहुण्याचा पाय चांगला मोकळा झाला की मग गोड आवाजात सांगतात, "हा आमच्या मढ्यांचा विसावा बरं का." त्यानंतर खिंड चढायला पाहुण्याला कुणाचा हात लागत नाही.

विसावा सगळ्याच गावांना असतो. घरून निघालेली तिरडी अर्ध्या वाटेवर टेकवायची, पुढच्या खांदेकऱ्यांनी मागं आणि मागच्यांनी पुढं व्हायचं आणि पुन्हा उचलायची. पण वेळूखिंडीत या दगडापाशी पुरुष हात झाडून बाजूला होतात. इथून नदीपर्यंत खांदा बायकांचा. मेलेला सरपंच असो नाहीतर सरपंचाचा गडी. हे सगळं तान्हूआत्यापासून सुरू झालं, असं सांगतात.

तान्हूआत्या सुईण होती. गावातलं प्रत्येक पोर आधी तिच्या हातावर आलं, मग आईच्या कुशीत गेलं. तिची जात कोणती, हे बाळंतीण अडली की कुणी विचारत नसे. बाळंतीण सुटली की सगळे विचारत. तिला ना नवरा राहिला होता, ना मूलबाळ. उतारवयात तिच्या हाताखाली शिकायला आली ती रावजी पाटलाची धाकटी सून, धुरपा. पाटलाला हे मुळीच रुचलं नव्हतं. पण त्याच्याच घरातलं आडवं आलेलं नातवंड या दोघींनी सुखरूप सोडवलं, तेव्हापासून तो रागावतही असे आणि गप्पही बसत असे. दोन्ही एकदम करणं मोठ्या माणसांना चांगलं जमतं.

तान्हूआत्या अंथरुणाला खिळली, तेव्हा तिनं धुरपाला जवळ बोलावलं. "पोरी, या बाप्यांना जगात आणता आणता माझं कंबरडं मोडलं. जाताना तरी त्यांचे उपकार नकोत. मला तुम्ही बायकांनी न्यायचं. नदीपर्यंत."

"नेईन, आत्या," धुरपा म्हणाली.

म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात काडीसारखा होता, पण धुरपाला त्याचं वजन मानेपर्यंत जाणवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या गेली.

धुरपानं दाराआडून सासऱ्याला आत्याची इच्छा सांगितली. पाटील हसला. "बाई आणि मसणात? बायका हळव्या, तिथलं लगेच धरतं त्यांना. आणि खांदा द्यायला अंगात जोर लागतो." ज्या बाया रोज खिंडीखालून दोन-दोन हंडे वर आणत, त्यांच्याविषयी तो हे बोलत होता. पुढं म्हणाला, "म्हातारीनं गावाची सेवा केली. गाव तिला नेईल. गाव म्हणजे आम्ही."

धुरपा गप्प बसली. आपला शब्द मोडला, हे तिला कळत होतं, तरी गप्प बसली. तिरडी दारावरून गेली तशी ती ओट्यावर मटकन खाली बसली. डोक्यावरचा तो हात अजून तिथंच होता, आणि ओल्या मातीच्या पाटीसारखा जड होत चालला होता. तिनं केसांवरून हात फिरवला. डोक्यावर काहीच नव्हतं. मान मात्र वर होईना.

इकडं पुरुषांनी तिरडी विसाव्यावर टेकवली. भर दुपार होती. खांदे बदलले, "चला, उचला" झालं, आणि तिरडी उचलेना. चौघांनी जोर लावला, मग आठांनी. त्या वाळकुट्या म्हातारीचं वजन ते किती! मग गजाबा पैलवान पुढं झाला. गजाबानं आडदांड बैल शिंगांना धरून बसवला होता, आणि ते तो रोज एकदा तरी सांगत असे. त्यानं शड्डू ठोकला आणि बांबूला हात घातला. घातला तसा काढला, आणि मांडी घालून लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडू लागला.

"काय झालं रे?"

"बोलली," गजाबा म्हणाला. "कानाशी. 'डोकं खाली घाल बाळा, घाबरू नको, मी धरलंय,' म्हणाली."

लोकांना आधी हसू आलं. मग ओव्याच्या धुरीचा वास आला. बाळंतिणीच्या खोलीत येतो तोच, कोंदट, गरम. आजूबाजूला चूल नाही, शेगडी नाही. मग जो जो बांबूला हात लावी, त्याला त्याच्या जन्माच्या वेळचे तान्हूआत्याचे शब्द ऐकू येऊ लागले. कुणाला 'नाळ अडकलीय, हलू नको', कुणाला 'रड की रे, रड एकदा'. आणि म्हणे सगळ्यांच्या सावल्या लहान झाल्या. दुपारी सावली लहानच पडते, असं शहाणे म्हणतील. पण ती रांगते का? विसाव्यावर त्या दिवशी माणसं उभी होती आणि त्यांच्या सावल्या तिरडीभोवती रांगत होत्या.

गजाबा पळत गावात आला आणि पाटलाच्या ओट्यापुढं थांबला. "वहिनी, चला," एवढंच म्हणाला.

धुरपा उठली. पहिल्या पावलाला मान जराशी हलकी झाली, दुसऱ्याला आणखी जरा. दारादारांत उभ्या बाया बघत राहिल्या. काही जणी मागं निघाल्या, पण लांबून.

विसाव्याच्या अलीकडं पाटील वाट अडवून उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, तरी पागोटं ताठ होतं.

"सूनबाई, या दगडापुढं पाऊल टाकलंस तर माझ्या घराचं दार तुला बंद."

धुरपाला माहेर उरलं नव्हतं. नवरा लांबच्या मुलखात चाकरीला होता. हे दार बंद झालं तर रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. पाटलाला ते माहीत होतं, म्हणून तर तो तेच बोलला.

"मामंजी," ती म्हणाली, "मग तुम्हीच उचला. तुमच्यानं उचलली तर मी इथूनच परत फिरते."

सगळं गाव बघत होतं. पाटलाला मागं सरता येईना. त्यानं वाकून बांबूला हात लावला. तसाच वाकलेला राहिला, कितीतरी वेळ. उभा राहिला तेव्हा पागोटं घरंगळून धुळीत पडलेलं होतं. काय ऐकलं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. बाजूला मात्र झाला.

धुरपानं पुढचा डावा बांबू धरला. बाकी तीन कोपरे रिकामे होते. तिनं मागं वळून पाहिलं, तर बाया जमिनीकडं बघत उभ्या. मग त्यांच्यातून एक जण पदर खोचत पुढं आली. ती पाटलीण होती, बायजाबाई, धुरपाची सासू. धुरपाशी ती सात वर्षांत धड बोलली नव्हती.

"बघतेस काय? सरक तिकडं," ती खेकसली. "सात बाळंतपणं केली माझी तिनं. त्यातल्या दोन पोरींवर कुणी डोळ्यातलं टिपूस गाळलं नाही, ती एकटी माझ्यासोबत रडली."

मग गजाबाची बायको आली, आणि मग एक विधवा, जिला एरवी कुणी सकाळी समोर येऊ देत नसे. चौघींनी हात लावला आणि तिरडी उठली. सुपासारखी हलकी.

संध्याकाळी दोघी घरी परतल्या तर दाराला आतून कडी. धुरपाच्या डोळ्यांत पाणी आलं. बायजाबाई मात्र ओट्यावर ऐसपैस बसली. "रडतेस कशाला? कडी आतून आहे. कोंडला कोण गेलाय, जरा विचार कर."

तीन दिवस त्या ओट्यावर राहिल्या. शेजारपाजारच्या बाया पाळीपाळीनं भाकरी आणत होत्या. आत विझलेल्या चुलीतून ओव्याचा धूर निघत होता, म्हणे. चौथ्या दिवशी कडी निघाली. पाटील उंबऱ्यात उभा होता, दाढी वाढलेली. "या आत," म्हणाला. आणि जरा थांबून, "दोघीही."

पुढं पुष्कळ वर्षांनी पाटलाची वेळ आली, तेव्हा त्यानं मुलांना बाहेर काढलं आणि धुरपाला बोलावलं. त्या दुपारी काय ऐकलं, ते त्यानं तिला एकटीला सांगितलं. "माझ्या जन्माच्या वेळी ती माझ्या आजीला म्हणाली होती, 'मुलगा आहे. मुलगी असती तरी इतकीच जपून काढली असती.' सूनबाई, एवढी साधी गोष्ट. मला भीती वाटली तिची." मग म्हणाला, "मला नेशील ना? विसाव्यापुढं?"

धुरपानं हो म्हणायला बराच वेळ घेतला. तेवढा हक्क तिचा होता.

आजही तिरडी दगडावर टेकली की पुरुष चार पावलं मागं जातात. मागच्या साली शहरात मोठ्या हुद्द्यावर असलेला एक जण वडिलांची तिरडी घेऊन आला. "बहिणीनं खांदा द्यायचा, ही कसली पद्धत?" असं म्हणून त्यानं विसाव्यापुढंही बांबू सोडला नाही. कुणी अडवलं नाही. गावाला असल्या गमती आवडतात. क्षणभरानं त्याचा हात आपोआप निघाला. तो बराच वेळ तळव्याकडं बघत राहिला, मग मागं वळला आणि बहिणीला म्हणाला, "ताई, तू ये."

त्यानं काय ऐकलं, ते त्याला कुणी विचारलं नाही. तो जन्मला तेव्हा तान्हूआत्याला जाऊन कित्येक पिढ्या लोटल्या होत्या.