पडद्याकडे पाठ

“म्हणजे पहिले दोन सोडले, तर स्वतःचा एकही चित्रपट तुम्ही थिएटरात पाहिला नाही?” यशोधनने विचारलं.

“बसलो प्रत्येकाला. पाहिला एकही नाही,” मस्यू रोशाँ म्हणाले.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यात हे म्हातारे दिग्दर्शक राहत; सगळे त्यांना ‘मस्यू’, म्हणजे ‘साहेब’, म्हणत. पहिल्या चित्रपटाला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, दुसरा दाणकन आपटला. लोक मध्येच उठून चालले, तेव्हा कोण कोण जातंय ते पाहायला ते मागे वळले... आणि पुन्हा पडद्याकडे वळलेच नाहीत. पुढे जन्मभर पहिल्या रांगेत, पडद्याकडे पाठ करून बसायचं. लोक कुठे खोकतात, कुठे श्वास धरतात, ते पाहायचं. मग घरी जाऊन पुन्हा चित्रपटाला कात्री.

यशोधन टिळेकर मूळचा साताऱ्याचा. सिनेमा शिकायला पॅरिसला आला आणि चार वर्षं खपून त्याने पहिला चित्रपट केला. रोशाँनी एक शब्द टाकला असता, तर तिथल्या मोठ्या महोत्सवात तो लागला असता. तो शब्द घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच तो आला होता.

रोशाँनी जुन्या गोठ्याची एक भिंत चुन्याने पांढरी केली होती. दार लोटून त्यांनी तिथे यशोधनचा चित्रपट लावला. म्हाताऱ्याने आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे पाठ केली आणि यशोधनच्या पुढ्यात मांडली.

“मस्यू, निदान माझा तरी बघा.”

“बघतोय. तू तुझं बघ.”

चित्रपट संपेपर्यंत त्यांनी त्याच्या तोंडावरची नजर काढली नाही. क्रेन लावून साताऱ्याकडचा सबंध घाट टिपला होता, तिथे हे हनुवटी खाजवत बसले. यशोधन नुसता कासावीस.

शेवटी त्यांनी दार उघडलं. गोठ्यात ऊन आलं.

“कसा वाटला?”

“सारखा माझ्याकडे बघत होतास. आवडलं का, आवडलं का...”

“तुम्ही समोरच बसलात. बघणारच.”

“जिथे जिथे बघितलंस, तिथे तिथे काप.”

यशोधन हसला. म्हातारा हसला नाही.

घाट जाणार. शेवट जाणार. मग उरणार काय, असं त्याने जरा चढ्या आवाजातच विचारलं.

“मध्ये एकदा तू मला विसरलास. तेव्हा भिंतीवर काय होतं?”

यशोधनला आठवायला वेळ लागला.

“काही नाही... माझी आत्या. पिठाची गिरणी बंद करते, पदर झटकते. चुकून राहिलाय तो तुकडा. काढायचाच होता.”

“तिथून सुरू कर.”

महोत्सवाचा विषय यशोधनच्या ओठांवर आला होता. तो त्याने गिळला. बॅगेतून लॅपटॉप काढून मांडीवर घेतला.

“इथेच बसून कापू का, मस्यू?”

म्हाताऱ्याने आपली खुर्ची उचलली आणि दाराबाहेर नेली.

“काप. आता समोर मी नाही.”