भालूकाकांची कोरी फिल्म

वारणेकाठच्या एका लहानशा गावात भालचंद्र निगुडकर नावाचे गृहस्थ राहत. सगळं गाव त्यांना भालूकाका म्हणे. पोस्टातली नोकरी संपल्यावर कुणी बागकामाला लागतं, कुणी देवदर्शनाला निघतं. भालूकाका शिडी लावून माळ्यावर चढले आणि पोत्यात बांधून ठेवलेला आपला जुना संसार त्यांनी खाली उतरवला.

संसार म्हणजे काय, तर चामड्याच्या पिशवीतला रोलचा कॅमेरा, फोटो मोठे करायचा एन्लार्जर, पांढरे ट्रे, एक लाल दिवा आणि ओले फोटो वाळत घालायचे लाकडी चिमटे. तरुणपणी ते घरीच रोल धूत आणि घरीच फोटो छापत. मग संसाराचा व्याप वाढला, पुढे मोबाईल आले, आणि हे सगळं माळ्यावर गेलं होतं.

घरामागच्या न्हाणीघराची खिडकी त्यांनी काळ्या कागदाने बंद केली. पुण्याहून रसायनं मागवली. पहिल्या बाटलीचं झाकण उघडलं आणि तो आंबूस वास नाकात शिरला, तसे त्यांचे डोळे भरून आले.

"हाच तो वास," ते सुनेला म्हणाले. "माझं सगळं तरुणपण या वासात आहे."

त्यांची सून शलाका हसून म्हणाली, "असू दे बाबा. पण आंघोळीचं काय करायचं तेवढं सांगा."

"सकाळी तुम्ही, दुपारी मी!"

असं सगळं आनंदात चाललं होतं. पण जुन्यावर प्रेम करता करता भालूकाकांच्या मनात नव्याचा तिटकारा भरला. कुणी मोबाईल वर केला, की ते तोंड फिरवायचे. "शंभर काढायचे आणि एकही बघायचा नाही, याला काय फोटो म्हणायचं?" असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

त्या वर्षी गावच्या जत्रेला त्यांची थोरली बहीण अक्का इंदूरहून आली. धाकटा भाऊ रघुनाथ बेळगावहून आला. तिघं भावंडं एका छपराखाली येऊन कितीतरी वर्षं झाली होती. शलाकाने मोबाईल काढला, तसे भालूकाका कडाडले, "तो आत ठेव. आज खरे फोटो निघणार आहेत!"

"बाबा, एखादा यातही राहू द्या ना."

"का? माझ्यावर भरवसा नाही?"

शलाकाने मोबाईल आत ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले. भालूकाकांनी अख्खा रोल संपवला. पुरणपोळी लाटणारी अक्का, रघुनाथच्या डोक्याला फेटा बांधणारी अक्का, विहिरीच्या कठड्यावर बसून पोट धरून हसणारी दोघं. निघताना अक्का म्हणाली, "भालू, फोटो पाठव हं. आता पुन्हा कधी भेट होईल, कोण जाणे."

पाहुणे गेले आणि भालूकाका न्हाणीघरात शिरले. मिट्ट काळोखात त्यांनी चाचपडत रोल उलगडला, डब्यात भरला आणि वर झाकण घट्ट बसवलं. आता आत उजेड जाण्याची भीती नव्हती. खरं तर साधा दिवा लावला असता तरी चाललं असतं. पण त्यांना तो जुना लाल उजेडच हवा होता. त्यांनी लाल दिवा लावला आणि समोरच्या बाटलीतलं रसायन डब्यात ओतलं. एका बाटलीत डेव्हलपर होता, तो चित्र उमटवतो. दुसरीत हायपो होता, तो उमटलेलं चित्र पक्कं करतो. दोन्ही बाटल्या तपकिरी, दोन्ही सारख्या. त्यांवर नावं लिहावीत असं भालूकाकांना कधी वाटलं नव्हतं. माझे हात ओळखतात, असं ते म्हणायचे.

डबा हलवताना त्यांचं कोपर लागून पितळी तांब्या खाली पडला. केवढा तरी आवाज झाला. शलाका धावत आली. "बाबा! बाबा, पडलात का?" आत नळ चालू होता. भालूकाकांना ऐकू कमी यायचं. उत्तर येईना, तेव्हा तिने घाबरून दार ढकललं. न्हाणीघरात लख्ख उजेड आला.

"दार लाव!" भालूकाका जुन्या सवयीने ओरडले.

तिने दार लावलं. पण काम संपवून भालूकाकांनी डबा उघडला, तर फिल्मवर काहीच नव्हतं. अक्का नाही, रघुनाथ नाही, विहीर नाही.

त्या धक्क्यात डबा बंद होता, हेही त्यांना आठवलं नाही. फिल्म तशीच दोरीला अडकवून ते अंगणात आले आणि शेजारपाजारचे ऐकतील एवढ्या मोठ्याने म्हणाले, "तू दार उघडलंस! उजेड आत आला! सगळे फोटो गेले!"

 भालूकाकांनी रघुनाथला फोन करून हेच सांगितलं. संध्याकाळी त्यांचा मुलगा हेमंत कामावरून आला, त्यालाही हेच सांगितलं. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भालूकाका फिल्म काढायला गेले. ती खिडकीशी धरून त्यांनी नीट पाहिली. फिल्म काचेसारखी आरपार होती. उजेड लागलेली फिल्म कोरी राहत नाही, ती काळीठिक्कर पडते. आणि कडेला छापलेले आकडे असतात, तेसुद्धा उमटले नव्हते. म्हणजे डेव्हलपरच्या आधी हायपो पडला होता. आधी हायपो पडला, की फिल्मवरचं सगळं धुऊन जातं. मग डेव्हलपरला उमटवायला काही उरतच नाही.

चूक त्यांची होती, आणि ती त्या फिल्मवर अगदी स्वच्छ दिसत होती. पण ती वाचता येणारा माणूस त्या गावात एकच होता, आणि तो म्हणजे ते स्वतः.

भालूकाका बराच वेळ न्हाणीघरातल्या पाटावर बसून राहिले. आता बोलून काय उपयोग, त्यांना वाटलं. फोटो तर परत येणार नाहीत. शलाका विसरेल चार दिवसांत. आणि लोक काय म्हणतील? आयुष्यभर मिरवलं आणि शेवटी बाटली ओळखता आली नाही! त्यांनी फिल्मची गुंडाळी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

दुपारपर्यंत ती खिशातच होती. जेवणानंतर ते पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे गेले, तर आत शलाका फोनवर बोलत होती. आवाज रडवेला होता.

"अक्काआत्या, माझ्यामुळे गेले हो फोटो. बाबा पडले की काय असं वाटलं, म्हणून मी दार उघडलं. मला माफ करा."

भालूकाका दारातच थबकले. मग आत जाऊन त्यांनी हात पुढे केला. "फोन दे इकडे."

आता आणखी बोलणी बसणार असं वाटून शलाकाने मान खाली घातली.

"अक्का, मी भालू बोलतोय. शलाकाने काहीही केलेलं नाही. फिल्म डब्यात बंद होती, उजेड लागलाच नाही. मी बाटल्यांची अदलाबदल केली. फोटो मी घालवले." त्यांनी खिशातली गुंडाळी बाहेर काढली. "आणि हे मला सकाळपासून माहीत आहे."

 अक्काने विचारलं, "हे तिच्यासमोर बोलतोयस ना?"

"हो."

"मग बरं. फोटोंचं वाईट वाटलं रे मला. पण ती पोर रडत माझी माफी मागत होती, त्याचं फार वाईट वाटलं. ठेव फोन, आणि तिच्याशी बोल."

भालूकाकांनी फोन ठेवला. "शलाका, मी चुकलो. तू मला बघायला धावलीस आणि मी तुझ्याच नावाने बोंब मारली."

शलाकाने पदराने डोळे पुसले. पण ती लगेच हसली नाही. "बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. अख्ख्या आळीने ऐकलं."

"मग अख्खी आळी हेही ऐकेल."

आणि त्यांनी तसंच केलं. रघुनाथला फोन लावला. हेमंत आल्याबरोबर त्याला सांगितलं. शेजारच्या अंगणात जाऊन उभ्या उभ्या सांगितलं. कुणी हसलं, कुणी "चालायचंच" म्हणालं. भालूकाकांनी दोन्ही ऐकून घेतलं. घरी आले तेव्हा त्यांना कितीतरी हलकं वाटत होतं.

शलाकाने चहाचा कप पुढे ठेवला. "आता त्या बाटल्यांवर आधी नावं लिहा."

"तूच लिही. ठळक लिही. आणि पुढच्या वेळी आत माझ्याशेजारी उभी राहा. मला शिकवायला आवडेल."

शलाका शिकली. घरात उरलेल्या रोलांवर तिने आधी अंगणातल्या कोंबड्या टिपल्या, मग शेजारची बाळं. भालूकाकाही तिच्या मोबाईलमधले फोटो चष्मा लावून बघू लागले. बघता बघता म्हणायचे, "हा चांगला आलाय. हा ठेव."

हिवाळ्यात रघुनाथचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याला प्रवास करता येईना. तेव्हा अक्का इंदूरहून निघाली, भालूकाका आणि शलाका इकडून निघाले, आणि तिघं भावंडं बेळगावला रघुनाथच्या पलंगाभोवती जमली. भालूकाकांनी पिशवीतून कॅमेरा काढला. शलाकाने तो त्यांच्या हातातून घेतला.

"बाबा, आज तुम्ही तिकडे बसा."

"मी?"

"आधी मोबाईलवर काढते, मग यात."

भालूकाका अवघडून अक्काशेजारी बसले. आजवर त्यांनी घरच्यांचे ढीगभर फोटो काढले होते, पण त्यांतल्या एकातही ते स्वतः नव्हते. अक्काने त्यांची कॉलर नीट केली. रघुनाथ काहीतरी बोलला आणि तिघंही एकदम हसली.

गावी परतल्यावर लाल दिव्याखाली सासरा आणि सून ट्रेवर वाकून उभे राहिले. पांढऱ्या कागदावर आधी अक्काच्या साडीचा काठ उमटला. मग रघुनाथचा पलंग. मग हळूहळू तिघांचे चेहरे वर आले, अगदी एकमेकांना चिकटून.

"बाबा, तुम्ही किती छान हसता!" शलाका म्हणाली.

 भालूकाकांनी कागद चिमट्याने अलगद उचलला आणि हायपोच्या ट्रेमध्ये सोडला.

तात्पर्य: जी चूक फक्त आपल्यालाच दिसते, ती आपणच उजेडात आणावी. गेलेली वस्तू त्याने परत मिळत नाही, पण दुखावलेलं माणूस परत मिळतं.