तीन दारांचे घर

एका राज्यात, नदी जिथे तीन काठांमध्ये रेंगाळते, तिथे तीन नगरे होती: पाषाणपूर, सागनगर आणि कुंभनगर. मधल्या बेटावर एक झरा होता. त्याचे पाणी प्यायले की दुखणे पळे. राजा भला होता, पण दूर होता. म्हणून झरा कोणाचा यावर तिन्ही नगरांचे नगरपाल रोज भांडत. त्या कलकलाटाने बेटावरच्या मांत्रिकाचे ध्यान मोडले. "झरा निजो," असे म्हणून तो धुके झाला आणि निघून गेला.

झरा निजला. त्याची शेवटची ओंजळ नावाडीण तुळजाची लेक केवडा प्यायली होती. तीही निजली. भांडले नगरपाल आणि शाप लागला पोरीला! त्या मांत्रिकाचा मला आजही राग येतो.

तुळजा होडीतच राहायची, कोणत्याच नगराची नव्हती. एका काठाला होडी लावली की उरलेले दोन काठ रुसत. त्या होडीच्या टोकावर एक भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला.

"तीन कामे आहेत. तिन्ही नगरांनी मिळून झऱ्यावर घर बांधावे. आत एकच दिवा तेवत ठेवावा. मग दार उघडावे. अमावस्येच्या पहाटे हे झाले तर लेक उठेल. नाहीतर पाणी होऊन वाहून जाईल."

तुळजाने तिन्ही काठांना जाऊन हात जोडले. तिन्ही नगरपालांनी मान डोलावली. आठ दिवसांनी बेटावर सामान उतरले. पाहते तर काय, तिघांनी दारेच पाठवली होती! प्रत्येकावर आपल्या नगराचे नाव, आपले कुलूप. भिंत नाही, छप्पर नाही. उघड्यावर तीन दारे ऐटीत उभी.

तुळजाने तिघांना एकाच होडीतून बेटावर आणले.

"धनी, यातल्या कुठल्या दारानं आत जाऊ? आणि आत म्हणजे कुठं?"

तिघे ओशाळले. मग पाषाणपूरने दगड दिले, सागनगरने तुळया, कुंभनगरने कौले. समई एकाची, वात दुसऱ्याची, तेल तिसऱ्याचे. तिन्ही दारे भिंतींत बसवून घर उभे राहिले, आत दिवा लागला.

अमावस्येची पहाट झाली. होडीत केवडाची पावले पाणी होऊन ठिबकू लागली. तिघांनी आपापल्या दाराला आपापली किल्ली लावली. एकही कुलूप हलेना.

"माझे दार आधी उघडेल," सागनगरचा म्हणाला.

"नाही, माझे," कुंभनगरचा म्हणाला.

तुळजाचा धीर सुटला. "माझं माझं करूनच झरा निजवलात! माझी लेक चालली, धनी. किल्ल्या बदला. आपली किल्ली शेजाऱ्याच्या हाती द्या!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. किल्ल्या हातोहात फिरल्या. तिन्ही कुलुपे एकदम गळून पडली. समईखाली झरा जागा झाला. तुळजाने धावत जाऊन ओंजळभर पाणी लेकीच्या ओठांना लावले. विरघळलेली पावले परत आली, केवडाने डोळे उघडले.

"आई, होडी कुठल्या काठाला लावायची?"

तुळजा रडतारडता हसली. "आज कुठल्याही, बाळ."

तेव्हापासून त्या घराची झाडलोट तिन्ही नगरे आळीपाळीने करतात आणि प्रत्येकाची किल्ली शेजाऱ्याकडे असते. एखाद्या पहाटे दारे उघडायला एखादा नगरपाल उठला नाही, तर उरलेले दोघे होडीतून त्याला हाका मारायला जातात. ती झोप शापाची नव्हे, साधीच असते. होडी काठाला लागली, आपली गोष्टही लागली.