आडवा हात

"पण वस्ताद, तुम्हाला कुणी आग्रह कसा करत नाही?"

दौलू वस्ताद ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तेवढं सांगाच मला," सर्जेराव म्हणाला. "एकाच पंगतीला बसलो आपण. वाढणाऱ्या वहिनी त्याच, पातेलं तेच. तुम्ही एक वाटी बासुंदी खाल्लीत आणि सुखानं उठलात. आणि मी…"

त्यानं कमरेचा पट्टा सैल केला. पोट तटतटलं होतं.

सर्जेराव चौऱ्याहत्तर किलोच्या गटातला पैलवान. नांदेडला निवड चाचणी होती आणि परवा सकाळी तिथं वजनं होणार होती. गेल्या साली काटा पाव किलोनं पुढं सरकला, आणि गडी आखाड्यात पाय न ठेवताच घरी आला. यंदाचं वर्ष त्याच्या वयोगटातलं शेवटचं. यंदा हुकलं की कायमचं हुकलं.

म्हणून तीन महिने त्यानं तोंडाला कुलूप घातलं होतं. साखर बंद, तूप बेतानं, भाकरी एकच. तालमीत असेतोवर ते जमलंही. खरी पंचाईत प्रवासाची होती. सांगलीकडून नांदेडपर्यंत वाटेवरच्या गावांत वस्तादांचे जुने पठ्ठे. वस्ताद येणार म्हटलं की त्यांच्या घरी दिवाळी. एखादं घर टाळून पुढं जाणं वस्तादांच्या स्वभावात नव्हतं.

सर्जेरावानं आपली तयारी केली होती. स्टीलच्या डब्यात मोडाचे मूग आणि उकडलेली अंडी. एसटीत शेजारी जो बसेल त्याला तो आपला आहार समजावून सांगे.

"जिभेवर ताबा पाहिजे, काका. बाकी काही नाही."

वस्ताद खिडकीबाहेर बघत.

पहिला मुक्काम सांगोल्याला पडला. तिथं यजमानाच्या म्हाताऱ्या आईनं स्वतः ताट वाढून आणलं. सर्जेरावानं ते बाजूला सारलं आणि भर पंगतीत आपला डबा उघडला. म्हातारीनं ताट उचललं, आत नेलं. निघताना पाया पडायला गेले, तेव्हाही ती बाहेर आली नाही.

बार्शीच्या एसटीत वस्ताद त्याच्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर जाऊन बसले.

बार्शीला भीमूदादांचं घर. भीमूदादा म्हणजे वस्तादांचा पहिल्या फळीतला पठ्ठा, आता पोट सुटलेला आणि मनानं तसाच दिलदार. इथं सर्जेरावानं डबा पिशवीतच ठेवला. ताट पुढं घेतलं, बेतानं जेवला. सगळं ठीक चाललं होतं. मग वहिनी बासुंदीचं पातेलं घेऊन आल्या.

सर्जेरावानं वाटीवर दोन्ही हात आडवे धरले.

"नको नको वहिनी! खरंच नको!"

"असं कसं? पैलवान माणूस तुम्ही!"

आणि बासुंदीचा पळा थेट बोटांवर. पंगत खदखदून हसली. भीमूदादा ओरडले, "घाल गं अजून! लाजतंय पोरगं!"

बोटं चाटावी लागली. केशर होतं, चारोळी होती, दूध आटून आटून गुलाबी झालेलं. मग आता पथ्य मोडलंच आहे तर मोडू दे, असं म्हणत सर्जेराव जो सुटला, तो पातेल्याचा तळ दिसल्यावरच थांबला.

आणि आता तो ओट्यावर वस्तादांसमोर उभा होता.

"मी काय मागितलं होतं का?" त्यानं विचारलं.

वस्तादांनी अडकित्ता खाली ठेवला.

"मागितलंस की."

"मी? दोन-दोन हात आडवे घातले होते मी! सगळी पंगत बघत होती."

"हूं…"

वस्ताद उठले. डोक्याचा पटका काढून ओट्यावर ठेवला, धोतराचा काचा मारला आणि अंगणात उतरले.

"ये. पकड मला."

"आत्ता? वस्ताद, पोटात…"

"पोटात काय हाय ते सगळ्या गावानं बघितलंय. ये."

सर्जेराव उतरला. म्हातारा माणूस, काडीसारखे पाय. उजवा पाय धरायचा आणि अलगद खाली बसवायचं, एवढंच त्यानं ठरवलं. चकवायला म्हणून त्यानं डावा हात वस्तादांच्या मानेवर टाकला, मान खाली ओढल्यासारखी केली, आणि पायाकडं झेपावला.

पाय तिथं नव्हताच.

सर्जेराव दोन्ही तळव्यांवर अंगणात. कोपऱ्यातल्या कोंबड्या फडफडत पळाल्या.

तो धूळ झटकत उठला. "कसं ओळखलंत? माझा हात तर मानेवर होता."

"हात मानेवर हुता. आणि डोळं?"



"…तुमच्या पायावर."

"आणि मघाशी? हात वाटीवर. डोळं?"

आत वहिनी पातेलं घासत होत्या. सर्जेरावाची नजर आपसूक तिकडं गेली…

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सर्जेराव अंगात दोन स्वेटर घालून धावून आला. बाजारात एका आडत दुकानाच्या काट्यावर उभा राहिला. किलोभर जादा. हातात उद्या सकाळपर्यंतचा वेळ, आणि मध्ये लातूर.

लातूरला बिराजदार अण्णांचं हॉटेल होतं. तेही जुने पठ्ठेच. वस्ताद दारात दिसताच अण्णा गल्ल्यावरून उठून धावत आले, पाया पडले, वेटरांना बाजूला सारून स्वतः कमरेला फडकं बांधून उभे राहिले. काळ्या मसाल्याचं मटण, तव्यावरून उतरलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या, वर तर्रीचा थर.

सर्जेरावानं पिशवीकडं पाहिलं नाही. एक भाकरी घेतली, थोडं मटण घेतलं. पहिला घास सावकाश चावला. दुसराही. कुणाला काही समजावून सांगितलं नाही. सांगोल्याच्या म्हातारीचं ताट त्याला आठवलं, आणि तिनं त्यात काय काय वाढलं होतं ते आपण पाहिलंसुद्धा नव्हतं, हेही आठवलं.

भाकरी संपली. अण्णा रश्शाची बादली घेऊन आले. पळी भरली, उचलली.

सर्जेरावाचे हात मांडीवर होते. बादलीतून वाफ येत होती, वास येत होता. बादलीकडं एकदा बघावंसं त्याला फार वाटलं.  मग ते वाटणं खाली बसलं, आणि त्यानं मान वर करून अण्णांच्या डोळ्यांत पाहिलं.

"अण्णा, लई झ्याक झालंय. मसाला घरचा ना?"

"आमच्या आईच्या हातचा!"

"कळतंय खाताना. पोट भरलं, अण्णा. पुरे."

पळी हवेत थांबली. तिच्यातून एक थेंब बादलीत पडला…

"बरं," म्हणाले अण्णा. आणि खुशीत पुढच्या ताटाकडं वळले.

वस्ताद भाकरी मोडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

नांदेडला पोचल्यावर सर्जेराव रात्री पुन्हा दोन स्वेटर घालून धावला आणि सकाळी काट्यावर चढला. काटा डुलला, पुढं गेला, मागं आला, आणि चौऱ्याहत्तरच्या अलीकडं थांबला.

"पुढचा!" पंच ओरडले.

त्या दिवशीची शेवटची कुस्ती परभणीच्या एका थोराड गड्याशी लागली. आधीच्या सगळ्या कुस्त्या त्या गड्यानं झटपट मारल्या होत्या. दोघं भिडले. सर्जेरावानं डावा हात त्याच्या मानेवर टाकला आणि डोळे त्याच्या डोळ्यांत ठेवले. तो गडी त्या डोळ्यांत काहीतरी शोधत राहिला. त्याला ते सापडायच्या आधी त्याचा उजवा पाय सर्जेरावाच्या कवेत होता, आणि त्याची पाठ मॅटला.

शिट्टी वाजली. सांगलीकडच्या पोरांनी असा काही गलका केला, की पंचांना कानांवर हात ठेवावे लागले.

येताना बार्शीला थांबणं आलंच. भीमूदादांनी हलगी लावली होती. गुलालानं माखलेला सर्जेराव पंगतीला बसला. बातमी कळल्यापासून वहिनींनी पुन्हा दूध आटवायला घेतलं होतं.

त्या पातेलं घेऊन आल्या. एकेका वाटीत पळा ओतत सर्जेरावापाशी आल्या. त्याच्याकडं पाहिलं. तो हसला, हात मांडीवरच.

वहिनी पुढच्या माणसाकडं गेल्या.

"अगं!" भीमूदादा ओरडले. "जिंकून आलंय पोरगं, आणि त्यालाच वगळलंस?"

वहिनी गोंधळल्या. हातातल्या पळ्याकडं बघत म्हणाल्या, "काय की… हात पुढं झालाच नाही."

सगळी पंगत वस्तादांकडं बघायला लागली.

वस्तादांनी आपल्या वाटीतली बासुंदी संपवली. मिशी पुसली.

"वाढ त्याला, सूनबाई," ते म्हणाले. "आता त्यो मागत न्हाई."