वाढत्या अंगाचा पाइप

"पाइप बसत नाही म्हणजे काय?" राजे रणधुरंधर गरजले. "आम्ही घेतलेला पाइप आहे! बसलाच पाहिजे!"

सोनबा ड्रायव्हरने बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं आणि हात जोडले. पाइप होता मोठा झोकदार. निळाशार, आरशासारखा चकचकीत. गाडीच्या इंजिनाला टर्बो होता, म्हणजे जोराने हवा फुंकणारा भाताच. त्या भात्याला हवा पुरवणारा जुना काळा पाइप काढायचा, हा नवा बसवायचा, की गाडी घाटात वाऱ्यासारखी पळेल, असं दुकानदाराने सांगितलं होतं. "गाडी कोणती, महाराज?" असंही त्याने विचारलं होतं. राजे म्हणाले होते, "गाडीचं काय विचारता? सगळ्यांत मोठा द्या!"

आता तो सगळ्यांत मोठा पाइप टर्बोच्या तोंडावर, लोट्यावर घागर उपडी घालावी तसा लोंबत होता. सोनबाने पाइपाभोवतीची पट्टी आवळली, आणखी आवळली, शेवटी स्क्रू संपला. पाइप आपला डुगडुगतोच आहे!

"सरकार, जरा मोठा पडतोय."

"म्हणजे आमची निवड चुकली?"

"छे छे, सरकार! मध्ये हे रबराचं कडं घातलं की..." सोनबाने खिशातून जाडजूड कडं काढलं.

"ठिगळ? राजाच्या गाडीला ठिगळ? खबरदार! पाइप कापायचा नाही, बदलायचा नाही, आत काही कोंबायचं नाही. आणि गाडी इथून हलवायची नाही. आमच्या घरचं काम आमच्या पागेतच होईल! जत्रेला शेजारचे राजेसाहेब येताहेत, घाटात शर्यत लागली आहे. तोवर पाइप बसला नाही, तर गाडीला दोर बांधू आणि घाटात ती तू ओढशील. जोडीला बैलसुद्धा मिळणार नाही!"

सोनबा घरी आला तो खांदे चोळतच. त्याची मुलगी धुरपा दारात बसली होती. अंगात नवा परकर-पोलका. परकर मातीत लोळत होता आणि बाह्यांतून बोटंही दिसत नव्हती.

"काय झालं, आबा? खांदा दुखतोय?"

"अजून नाही. दुखणार आहे." सोनबाने सगळं सांगितलं.

धुरपाने बाह्या वर सारल्या. त्या पुन्हा खाली आल्या. तिने स्वतःच्या बाह्यांकडे पाहिलं आणि खुदकन हसली.

"आबा, पाइप मी बसवते."

"तू? अगं, तुला पाना तरी उचलतो का?"

"पाना कशाला? मला खोबरेल तेल द्या, कोळसा द्या, आणि धुपाची वाटी द्या."

सोनबाला वाटलं, काळजीने पोरीचं डोकं फिरलं. पण आपलं ठिकाणावर आहे याची तरी त्याला कुठे खात्री होती? त्याने दिलं सगळं.

दुसऱ्या दिवशी पागेत नुसता गोंधळ! धुरपाने गाडीला नखशिखान्त तेल चोळलं. ऊन पाण्याने न्हाऊ घातलं, धुरी दिली, बॉनेटवर काजळाची तीट लावली. मग तिने पुढच्या चाकाजवळ भिंतीवर कोळशाची रेघ ओढली आणि राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वर्दी धाडली, "गाडीला रोज वाटीभर खारीक-बदामाची खीर पाठवा. राजाज्ञेचं काम आहे!"

खीर आली. वाटी रिकामीही होऊ लागली. धुरपाच्या ओठांवर साय दिसे, पण विचारणार कोण?

शेवटी आचारी कारभाऱ्यांकडे गेला, कारभारी राजांकडे गेले आणि राजे तरातरा पागेत आले. सोनबा घोड्यामागे लपला.

"हा काय चावटपणा चालवलाय?"

"हळू, महाराज! आत्ताच डोळा लागलाय."

"कुणाचा?"

"गाडीचा. खीर खाऊन निजलीय."

"गाडी खीर खाते?"

"वाटी रिकामी होते, एवढं खरं. पण बाई मोठी हट्टी! इतकं तेल लावलं, खाऊ घातलं, तरी रेघेपुढे तसूभर सरकली नाही. महाराज, तुम्हीच रागवा तिला. जत्रा तोंडावर आलीय आणि ही वाढायचं नाव घेत नाही!"

"मूर्ख पोरी!" राजे ओरडले. "गाडी कधी वाढते का?"

धुरपाने डोळे विस्फारले. "वाढत नाही?"

"मुळीच नाही!"

"मग महाराजांनी पाइप वाढत्या अंगाचा का घेतला?" तिने दोन्ही हात पुढे केले. बाह्या लोंबकळल्या. "माझी आई माझे कपडे असेच घेते. मला वाटलं, महाराजांनीही पुढचा विचार करूनच घेतला असेल!"

कारभाऱ्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. राजांनी पाइपाकडे पाहिलं, बाह्यांकडे पाहिलं, गाडीवरच्या तिटेकडे पाहिलं. मिश्या थरथरल्या आणि एकदम हास्याचा असा स्फोट झाला की घोडं बिचकलं आणि सोनबा उघडा पडला!

"फसवलंस, पोरी!" राजे डोळे पुसत म्हणाले. "बरं, कपडा मोठा झाला की तुझी आई काय करते?"

"आतून दुमडून टाचते, महाराज. त्याला ठिगळ म्हणत नाहीत!"

"सोनबा! घाल ते कडं!"

सोनबाने खिशातलं कडं टर्बोच्या तोंडावर चढवलं, त्यावर पाइप सरकवला, पट्टी आवळली. पाइप हूं की चूं करीना! किल्ली फिरवताच गाडी अशी डरकाळली की पागेतली कबुतरं राजवाड्यावर जाऊन बसली. आणि जत्रेच्या दिवशी शेजारच्या राजेसाहेबांनी घाटभर फक्त धूळ पाहिली!

परत येताच राजांनी धुरपाला बोलावलं.

"सोनबाचा पगार दुप्पट! आणि तुला जरीचा परकर-पोलका. शिंपी आलाय. बोल, मापाचा शिवायचा की वाढत्या अंगाचा?"

"वाढत्या अंगाचाच, महाराज!" धुरपा म्हणाली. "तुमच्या खिरीने गाडी नाही वाढली, पण मी वाढतेय!"

राजे पुन्हा हसत सुटले, आणि शिंप्याला म्हणाले, "घे रे माप! आणि कारभारी, मुदपाकखान्याला सांगा, गाडीची खीर चालू ठेवा!"